केपी २ असताना रेडिओचा बँड गप्प झाला म्हणून सेट दुरुस्तीला टाकू नका

"भर दुपारी १४ मेगाहर्ट्झवरचे सगळे सिग्नल अचानक गायब, खरखरसुद्धा दबली. केपी (पृथ्वीच्या चुंबकीय खळबळीचा आकडा) तर फक्त २ आहे. म्हणजे सेटच गेला ना?" तुमचा हा प्रश्न वाचून पोटात कालवलं. माझंही हुबेहूब असंच झालं होतं आणि मी सेट उचलून दुरुस्तीला नेला. तुम्ही कृपा करून दोन दिवस थांबा.

केपी शांत म्हणजे सूर्य शांत, हे मी धरून चाललो. तिथेच चुकलो. केपी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ सांगतो, तीही तीन-तीन तासांची. सौरज्वालेचे (सूर्यावरच्या स्फोटाचे) क्ष-किरण त्यात कळत नाहीत. ते आठेक मिनिटांत पोचतात, उजेडाकडच्या आयनांबराचा (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा) खालचा डी थर दाट करतात आणि १४ मेगाहर्ट्झसारखी शॉर्टवेव्ह तिथेच शोषली जाते. दुरून येणारी खरखरही तिथेच जिरते, म्हणून अँटेनाची वायर तुटल्यासारखं वाटतं. मी छतावर चढून सगळे कनेक्टर उघडून पुसले, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते त्याचं माप) मोजला, तो ठणठणीत. तरी डोक्यात प्रकाश पडला नाही.

दुरुस्तीवाल्यांनी (नाव घेत नाही) सेट तीन आठवडे ठेवून घेतला आणि 'बोर्ड कमजोर' म्हणून बदलला. आवाज कधी गेला, कधी परत आला, हे मी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. ती चिठ्ठी घडीसुद्धा न मोडता परत आली. मोजमापं मागितली, तर एकही आकडा नाही. पुढे लॉगमधली वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) करून सूर्यावर नजर ठेवणाऱ्या गोज उपग्रहाच्या क्ष-किरण आलेखाशी जुळवली, तर त्याच सुमारास एक्स वर्गाची, म्हणजे सगळ्यात जोरदार वर्गातली ज्वाला! अजून राग येतो.

तुम्हीही तेच जुळवून पाहा. आलेखाची रेघ त्या वेळी एम५च्या (एम हा एक्सच्या खालचा वर्ग) वर गेली असेल, तर मला सेटवर संशय नाही. २८ मेगाहर्ट्झचा बँड आधी जिवंत झाला आणि ७चा सगळ्यात शेवटी, तर आणखी पक्कं. मात्र सिग्नलचा सगळा मार्ग अंधारात असेल, तर ज्वालेला दोष देऊ नका.

"वादळाचा इशाराही नव्हता" म्हणता, पण वादळ ही वेगळी गोष्ट. ६ सप्टेंबर २०१७ला एक्स९.३ ज्वालेने शॉर्टवेव्ह लगेच बसली, तिचं चुंबकीय वादळ ७च्या रात्री उशिरा (यूटीसी) आलं. ज्वालेचा अंदाज टक्क्यांतच मिळतो, नेमकी वेळ कुणी सांगत नाही. वादळाचं म्हणाल तर सूर्याकडून निघालेला भारित कणांचा ढग बहुधा एक ते तीन दिवसांत पोचतो, पण त्याचा बीझेड (चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण घटक) दक्षिणेकडे, म्हणजे उणे आहे का, हे १५ लाख किलोमीटरवरच्या यानापाशी आल्यावरच कळतं. मग हातात तासभरही उरत नाही. म्हणून जी३चा (जोरदार वादळाचा) आगाऊ इशारा आला तरी मी बीझेड बराच वेळ उणे राहिल्याशिवाय धावपळ करत नाही. हे माझं मत, मी शास्त्रज्ञ नाही.

कोणता बँड किती वाजता गेला आणि परत आला, ते यूटीसीत इथे टाका. जुळवून बघू, मग सेट उघडायचा की नाही ते ठरवा.