फिगर स्केटिंग प्रत्यक्ष पाहावे की पडद्यावर?

घरबसल्या पडद्यावर सगळे इतके स्पष्ट दिसत असताना महागडे तिकीट काढून फिगर स्केटिंग पाहायला जाण्यात काय अर्थ आहे, असा आपला प्रश्न आहे. अनेक वर्षे हा खेळ टीव्हीवरच पाहिल्यानंतर मार्च 2025 मध्ये मी बॉस्टनच्या टीडी गार्डनमध्ये झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेला गेले. त्यावरून सांगते की एकदा तरी अवश्य जावे, कारण या खेळाचा वेग पडद्यावर दिसतच नाही.

कॅमेरा खेळाडूच्या बरोबरीने वळत राहतो, त्यामुळे ती चौकटीच्या मधोमध स्थिर राहते आणि मागचे जाहिरातींचे फलक तेवढे सरकताना दिसतात. जागेवर बसल्यावर मात्र सुमारे 60 मीटर लांबीचा अख्खा रिंक, म्हणजे बर्फाचे मैदान, नजरेसमोर असतो, आणि त्याच्या एका टोकाला असलेली व्यक्ती पायाने चार-पाच वेळा रेटा देऊन दुसऱ्या टोकाला पोहोचते, तीही बहुतेक वेळा पाठमोरी, हे पाहताना छातीत धस्स होते. स्पर्धेआधीच्या सहा मिनिटांच्या सरावात तर सहा जणी एकाच वेळी बर्फावर असतात. एकमेकींना चुकवत, मध्येच उडी घेत त्या ज्या वेगाने फिरतात, ते पाहण्यासाठीच मी पुन्हा तिकीट काढीन.

दुसरी गोष्ट आवाजाची. संगीत हळू झाले की बुटाखालचे पाते बर्फ कापत जाते तो आवाज थेट ऐकू येतो. पात्याच्या कडेवर नीट तोललेल्या खेळाडूचा आवाज जाड कापड सावकाश फाडावे तसा सलग आणि खोल असतो, तर तोल जरा ढळला की लगेच खरखर उमटते. आइस डान्समध्ये, म्हणजे जोडीने बर्फावर नृत्य करण्याच्या प्रकारात, हे विशेष जाणवते. मॅडिसन चॉक आणि इव्हान बेट्स या अमेरिकी जोडीने तेथे सलग तिसरे जागतिक विजेतेपद मिळवले. दोघांची पाती एकमेकांच्या किती जवळून जातात, याची मला टीव्हीवर कधी कल्पनाच आली नव्हती.

तरीही पडद्याचे मोल कमी नाही. लुट्झ उडी पात्याच्या बाहेरच्या कडेवरून आणि फ्लिप आतल्या कडेवरून घ्यायची असते. हा फरक प्रेक्षागृहातून मला एकदाही खात्रीने ओळखता आला नाही. उडीतली फेरी पूर्ण झाली की थोडी कमी पडली, हे ठरवण्यासाठी तांत्रिक परीक्षकही चित्रफीत संथ गतीने पुन्हा पाहतात. चेहरेही दुरून दिसत नाहीत. 2022 मध्ये निवृत्ती घेऊन नंतर खेळात परतलेली अलिसा लिऊ या स्पर्धेत विजेती ठरली. 2006 नंतर प्रथमच एका अमेरिकी महिलेला हे पद मिळाले. तिचा मुक्त कार्यक्रम (स्पर्धेतला दुसरा, लांब कार्यक्रम) संपला तेव्हा आमची सगळी रांग उभी होती, पण तिचे हसू मला दिसले ते घरी आल्यावर, ध्वनिचित्रमुद्रणात.

आपल्या मनात स्पर्धेऐवजी ‘स्टार्स ऑन आइस’सारखा शो असेल, तर तेथे अंधार, रंगीत झोत आणि नाट्य अधिक असते व अवघड उड्या कमी असतात. सोबत लहान मुले असतील तर तो चांगला, पण खेळ समजून घ्यायचा असेल तर मी स्पर्धाच सुचवेन, आणि सगळी सत्रे परवडत नसतील तर आइस डान्सचे एक सत्र निवडावे.

तिकीट काढताना अगदी पहिल्या रांगांचा मोह टाळावा. तेथे कठड्यामुळे जवळच्या बाजूचे पाय झाकले जातात. दहा-पंधरा रांगा वर बसले की पायही दिसतात आणि बर्फावर उमटत जाणारी वळणेही. परीक्षक रिंकच्या ज्या लांब बाजूला बसतात त्या बाजूची जागा मिळाली तर फारच उत्तम, कारण नृत्यरचनेतील बरेचसे आविर्भाव त्यांच्याकडे तोंड करून बसवलेले असतात. आत चांगलीच थंडी असते, म्हणून स्वेटर न विसरता घ्यावा, आणि पहिल्या गटाच्या सरावाआधीच जागेवर जाऊन बसावे.