‘मस्त आहे’ म्हणणाऱ्या वर्गाचं काय करावं?

प्रश्न : बडोद्यात दांडिया बाजारात मी अ‍ॅनिमेशनचा वर्ग घेतो. चौदा मुलं आहेत, काही मराठी, काही गुजराती. दर शुक्रवारी सगळ्यांचे शॉट पडद्यावर लावतो आणि ‘एकमेकांना सांगा’ म्हणतो. ‘मस्त आहे’, ‘सरस छे’, की संपलं. गेल्या महिन्यात एकाने एकदाच एका मुलीला तोंडावर सांगितलं, ‘चाल अगदी रोबोटसारखी आहे.’ ती मुलगी रडली, दोन दिवस आलीच नाही. तेव्हापासून सगळे चिडीचूप. मी एकटाच बोलत राहतो. काय करू?
— एक शिक्षक

उत्तर : ‘मी एकटाच बोलत राहतो’ हे वाचून हसू आलं, कारण रावपुऱ्यातल्या माझ्या वर्गात पहिली तीन वर्षं मीही तेच केलं. शॉट संपला की आधी मी बोलायची. मग मुलं माझंच वाक्य जरा फिरवून मला परत द्यायची. आता मी सगळ्यांत शेवटी बोलते. तोवर हातात चहाचा कप असतो, म्हणजे तोंड गुंतलेलं राहतं.

मुलं भित्री नसतात हो. समोर त्यांचा दोस्त बसलेला असतो आणि वर्ग सुटल्यावर त्याच्याच गाडीवर मागे बसून सेव-उसळ खायला जायचं असतं. ‘कसं वाटलं?’ विचारलंत तर ‘मस्त’च येणार. मत मागूच नका. काय दिसलं ते विचारा, फ्रेमच्या आकड्यासकट, म्हणजे कितव्या चित्रात दिसलं तेही.

माझ्याकडे एकीने चेंडूची उडी केली होती, 24 फ्रेमची. सगळे गप्प. एरवी मोबाइलमध्ये डोकं घालून बसणारा मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, “वर गेल्यावर चेंडू जरासुद्धा रेंगाळत नाही. कोणीतरी दोरीने ओढतंय असं दिसतं.” कुठे, म्हटलं. तो उठून पुढे आला, एकेक फ्रेम मागे नेत 11 वर थांबला. ओनियन स्किन लावलं, म्हणजे आगेमागेची चित्रं एकावर एक पुसट दिसतात ते, तर सगळे चेंडू सारख्या अंतरावर, माळेतल्या मण्यांसारखे! उडीच्या टोकाला चेंडू मंदावतो, म्हणून तिथे चित्रं एकमेकांना खेटून हवीत आणि जमिनीजवळ लांब लांब. हे स्पेसिंग मी फळ्यावर तीनदा शिकवलं होतं. तिला ते त्या दोरीमुळे कळलं. तिथेच बसून तिने चित्रं सरकवली. रडायचं कशाला? बोलणी चेंडूला बसली होती, तिला नाही.

तुमच्या वर्गातल्या त्या मुलाचं चुकलं ते इथेच. ‘रोबोटसारखी’ हा निकाल झाला. त्याला विचारा, रोबोट कुठे दिसला? बहुतेक असं निघेल की पाय टेकून अंगाचा भार त्यावर येतो तरी कंबर खाली जात नाही, सरळ रेषेत सरकते. मग त्यालाच पॅसेजमध्ये चालायला लावा आणि तिला मोबाइलवर शूट करू द्या. स्वतःला चालताना पाहिलं की त्याची जीभही जरा मऊ होईल.

निनावी चिठ्ठ्यांच्या फंदात मात्र पडू नका. मी पडले होते. अक्षर सगळे ओळखतात, वर संशय फुकटचा.

आणि शॉट दाखवायचा तो ब्लॉकिंगला, चार-पाच मुख्य पोझ असतानाच. दहा रात्री जागून रंगवलेल्या शॉटमध्ये चूक काढली तर कोणाचाही जीव तुटेल. कच्च्या पोझ फेकायला काही वाटत नाही. आपल्या बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 1912 मध्ये पैसा उभा करायला आधी अख्खा सिनेमा नाही बनवला. वाटाण्याचा कोंब कसा वाढतो ते थोडं थोडं टिपून तेवढीच छोटी फिल्म लोकांना दाखवली. मुलांना हे जरूर सांगा, बडोद्याचं नाव आलं की कान टवकारतात.

त्या मुलीला लगेच पडद्यासमोर उभं करू नका. येत्या शुक्रवारी आधी तुमचा स्वतःचा शॉट लावा आणि त्यातली चुकलेली पहिली फ्रेम तिला पकडू द्या. मुद्दाम चूक पेरलेला शॉट नको, पोरं लगेच ओळखतात. खरोखर फसलेला एखादा जुन्या हार्ड डिस्कमध्ये असेलच.