पीए प्रवेश : मुलाखतीची तयारी आणि प्रोग्रॅमची निवड

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी महाराष्ट्रातून फिजिओथेरपीची पदवी घेतली आणि लग्नानंतर अमेरिकेत आले. ग्रीन कार्ड मिळाल्यावर इथल्या कम्युनिटी कॉलेजातून राहिलेले विषय पूर्ण केले. गेली दोन वर्षे मी हृदयरोगाच्या क्लिनिकमध्ये मेडिकल असिस्टंट म्हणून काम करते आहे. यंदा फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टरांच्या जोडीने पेशंट तपासून उपचार करणारा पीए, होण्यासाठी कॅस्पा या सामाईक अर्जसेवेमधून अर्ज केले आणि दोन ठिकाणांहून मुलाखतीचे बोलावणे आले. एक मुलाखत पॅनेलसमोर आहे, दुसरी एमएमआय, म्हणजे खोलीमागून खोली अशा अनेक छोट्या मुलाखतींच्या पद्धतीची. 'पीएच का?' या प्रश्नाचे उत्तर लिहून पाठ केले आहे. पण आरशासमोर म्हणताना ते माझे मलाच खोटे वाटते. 'फिजिओथेरपी का सोडली?' असे विचारले तर काय सांगू? मला चार वर्षांची मुलगी आहे, हे मुलाखतीत सांगावे की सांगू नये?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : पाठ केलेले उत्तर तुमच्याच कानांना खटकले, हे बरे झाले, कारण टेबलापलीकडे बसलेल्यांनाही ते खटकतेच. मी स्वतः पीए आहे आणि काही वर्षे अशा मुलाखत मंडळावर बसले आहे. 'मला विज्ञानाची आवड आहे आणि लोकांची सेवा करायची आहे' हे वाक्य एका दिवसात इतक्या वेळा कानांवर पडते, की दुपारनंतर कोणी काय म्हटले हे टिपण पाहिल्याशिवाय आठवत नाही. आठवतो तो पेशंट, ज्याच्याबद्दल उमेदवाराने काहीतरी नेमके सांगितले.

एक उदाहरण देते. पेशंटची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत आणि ही काळजी तुम्हीही मुलाखतीत घ्या. तुमच्यासारखीच मेडिकल असिस्टंट असलेली एक उमेदवार होती. तपासणीपूर्वी तिने एका आजोबांची नाडी घेतली, तर यंत्र ४८ दाखवत होते. तिने मनगटावर बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट पुन्हा मोजली, तेवढीच भरली. मग आजोबांनी पिशवीतून आणलेल्या औषधांच्या बाटल्या तिने टेबलावर एका ओळीत लावल्या. त्यांत नाडीची गती कमी करणाऱ्या मेटोप्रोलोल या औषधाच्या दोन बाटल्या निघाल्या. एक दिवसातून दोनदा घ्यायची जुनी गोळी होती आणि दुसरी दिवसातून एकदा घ्यायची नवी. नवी सुरू करताना जुनी बंद करायची असते, हे आजोबांना कोणी समजेल असे सांगितले नव्हते, म्हणून ते दोन्ही घेत होते. तिने त्यांना 'ही बंद करा' असे सांगितले नाही, कारण तो अधिकार तिचा नव्हता. दोन्ही बाटल्या हातात घेऊन ती थेट पीएच्या खोलीत गेली आणि नाडीचा आकडा आधी सांगितला. पुढचे निर्णय पीएने घेतले. 'मला त्या दारापाशी थांबावे लागले, आणि दारापलीकडचे काम शिकायचे आहे असे मला त्या दिवशी वाटले,' एवढेच म्हणून ती थांबली. 'पीएच का?' हा प्रश्न त्यानंतर कोणी विचारलाच नाही.

या व्यवसायाचा उगम पाहिला तर मंडळाची ही आवड समजते. १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी पहिला पीए अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा नौदलात वैद्यकीय साहाय्यकाचे काम केलेल्या चार जणांना त्यांनी निवडले होते. पेशंटजवळ काम केलेल्या माणसाला वैद्यकाचे शिक्षण द्यायचे, ही मूळ कल्पना आजही प्रवेशाच्या निकषांत टिकून आहे, आणि म्हणूनच अर्जात पेशंट केअरचे तास इतक्या काटेकोरपणे मोजले जातात. तुमच्यापाशी दोन वर्षांचे असे काम आहे. पाठ केलेले उत्तर बाजूला ठेवा आणि त्या दोन वर्षांतले पाच-सहा प्रसंग कागदावर एकेका ओळीत लिहून काढा. एखादी चूक जी तुमच्या हातून झाली, एखादा सहकारी ज्याच्याशी पटले नाही, एखादा पेशंट ज्याने ऐकले नाही, एखादा दिवस जेव्हा तुम्हाला तुमच्या कामाची हद्द जाणवली, असे प्रसंग घ्या. वाक्ये पाठ करू नका. प्रसंग पाठ असू द्या. मंडळ प्रश्न कसाही फिरवून विचारो, त्याचे उत्तर या पाच-सहांपैकी एकात बहुधा सापडते.

'डॉक्टर का नाही, नर्स प्रॅक्टिशनर का नाही?' हा प्रश्न मात्र सरळच येईल आणि त्याला माहितीचे उत्तर लागते. नर्स प्रॅक्टिशनर नर्सिंगमधून येतात आणि कुटुंब, बालक, मनोविकार अशा एखाद्या ठरावीक क्षेत्रासाठी घडवले जातात. पीएचे शिक्षण वैद्यकीय पद्धतीचे आणि सर्वसाधारण असते, त्यामुळे पुढे नवी पदवी न घेता एका शाखेतून दुसऱ्या शाखेत जाता येते. पीए सर्व ५० राज्यांत औषधे लिहून देतात. डॉक्टरांशी त्यांचे नाते कसे असावे, हे मात्र प्रत्येक राज्याचा कायदा ठरवतो, म्हणून ज्या राज्यात मुलाखत आहे तिथली स्थिती आदल्या आठवड्यात वाचून जा. २०२१ साली पीएंच्या राष्ट्रीय संघटनेने 'फिजिशियन असोसिएट' हे नाव स्वीकारले, त्यावरही मत विचारले जाऊ शकते. 'डॉक्टर होण्यात वेळ फार जातो' एवढेच कारण दिलेत, तर दुय्यम निवड करून आल्यासारखे वाटेल.

फिजिओथेरपीबद्दल अपराध्यासारखे बोलू नका. सांधा आणि स्नायू हाताने तपासायची सवय, पेशंटकडून महिनोन्महिने व्यायाम करून घेण्याची चिकाटी, हे तुम्ही बरोबर घेऊन येत आहात. त्या कामात निदान आणि औषध तुमच्याकडे नव्हते आणि आता ते हवे आहे, हे खरे असेल तर तसे सांगा. इथला परवाना मिळवण्यात अडचणी आल्या हेही खरे असेल, तर एका वाक्यात सांगून पुढे जा.

आपल्याकडच्या उमेदवारांची एक खोड इथे सांगून टाकते. 'मी केले' म्हणताना आपली जीभ अडखळते आणि सगळी गोष्ट 'आम्ही' मध्ये जाते. घरी ते विनयाचे लक्षण असेल. मुलाखत घेणाऱ्याला मात्र त्यातून तुम्ही काय केले हे कळत नाही आणि त्याच्या कागदावरचा तो रकाना रिकामा राहतो.

एमएमआयमध्ये दारावर लावलेला प्रसंग वाचायला साधारण दोन मिनिटे मिळतात, मग आत जाऊन सहा-आठ मिनिटे बोलायचे, घंटा झाली की पुढची खोली. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात ही पद्धत तयार झाली, आणि एका खोलीतली चूक दुसऱ्या खोलीत जात नाही हा तिचा मोठा गुण आहे. म्हणून बाहेर पडताना मागचे दार मनातही लावून घ्या. प्रसंग कसे असतात? समजा, रोटेशनवर, म्हणजे रुग्णालयातल्या प्रत्यक्ष प्रशिक्षणावर, असलेल्या तुमच्या वर्गमित्राने पेशंटचे पोट तपासलेच नाही, पण नोंदीत 'तपासणी सामान्य' असे लिहिले. घाईत 'मी तक्रार करेन' किंवा 'मी मित्राला समजावेन' यांपैकी एकच टोक पकडणारे बरेच असतात. आधी पेशंटचा विचार बोलून दाखवा, म्हणजे त्याची तपासणी आजच्या आज नीट कशी होईल. मग मित्राशी एकट्याने बोला, कारण तुमच्या नजरेतून काही सुटलेले असू शकते. तरी नोंद खोटीच असेल आणि तो ती दुरुस्त करत नसेल, तर प्रिसेप्टरला, म्हणजे तिथे शिकवणाऱ्या वरिष्ठांना, सांगणे टळत नाही, हे न कचरता म्हणा. तिथे एकच बरोबर उत्तर शोधत नाहीत, तुमच्या विचारांचा क्रम ऐकतात. घड्याळ लावून, अनोळखी प्रसंगांवर, मोठ्याने सराव करा. मनातल्या मनात सगळेच छान बोलतात.

मुलीबद्दल आपणहून सांगण्याची गरज नाही, आणि ओघात उल्लेख आलाच तर दचकण्याचीही गरज नाही. तिच्या देखभालीचा हिशेब मुलाखतीसाठी मांडू नका, स्वतःसाठी मांडा. वर्गातल्या वर्षाचे वेळापत्रक निदान ठरलेले असते. रोटेशनच्या वर्षात सकाळी साडेपाचला शस्त्रक्रिया विभागात हजर राहायचे आणि पुढच्याच महिन्यात दोन तासांवरच्या गावी, असे होऊ शकते. म्हणून तुमचा प्रश्न विचारायची वेळ आली की एवढे विचारा : 'रोटेशनची ठिकाणे किती आधी कळतात आणि सर्वांत दूरचे ठिकाण किती अंतरावर आहे?' या प्रश्नात मुलीचा उल्लेख नाही, पण तुम्हाला हवे ते उत्तर आहे.

प्रश्न : माझ्या मुलीला दोन पीए प्रोग्रॅममध्ये प्रवेश मिळाला आहे. एक घरापासून अर्ध्या तासावर आहे, पण नवा असून त्याला 'प्रोव्हिजनल' मान्यता आहे. दुसरा जुना आणि नावाजलेला, चार तासांवर, आणि फीही जास्त. दोन्हीकडे जागा राखण्यासाठी डिपॉझिट भरायचे आहे आणि मुदत जवळ आली आहे. कोणता निवडावा?
— एक पालक, इलिनॉय

उत्तर : तुमची काळजी मी समजू शकते. आधी एक आगाऊ सूचना करते : खाली दिलेले प्रश्न मुलीने स्वतः फोन करून विचारावेत. शिकायचे तिला आहे, आणि पालकांचा फोन आलेला कार्यालयात लक्षात राहतो.

पीए प्रोग्रॅमना एआरसी-पीए ही संस्था मान्यता देते. 'प्रोव्हिजनल' म्हणजे नव्या प्रोग्रॅमला मिळणारी पहिल्या टप्प्यातील मान्यता. तिथून पदवी घेणाऱ्यांनाही पॅन्स ही प्रमाणपत्राची परीक्षा देता येते, त्यामुळे या शब्दाने घाबरून जाऊ नका. जोखीम आहे ती वेगळी. निकालांचा इतिहास नाही, आणि रोटेशनची ठिकाणे अजून जमवली जात असू शकतात. 'प्रोबेशन' हा शब्द मात्र दिसला, तर कारण विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जुन्या प्रोग्रॅमच्या नावापेक्षा दोन तक्ते पाहा, जे प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावेच लागतात : पॅन्सचा निकाल आणि गळतीचा तक्ता. देशभरात पहिल्या प्रयत्नात पॅन्स उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण अलीकडच्या वर्षांत ९२ टक्क्यांच्या आसपास आहे. पण निकालाचा आकडा एकटा वाचला तर फसवतो. समजा, एका वर्गात ५० जण आले, त्यांतले ४२ वेळेत पदवीधर झाले आणि ४० जण पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले. प्रोग्रॅम ९५ टक्के निकाल छापील आणि ते खरेच असेल. पण पहिल्या दिवशी वर्गात बसलेल्या ५० जणांच्या हिशेबाने तो ८० टक्के आहे. उरलेले आठ जण कुठे गेले, मागच्या वर्गात बसवले की बाहेर पडले, हे गळतीच्या तक्त्यात दिसते. मधे थांबावे लागलेल्या विद्यार्थ्याने फी भरलेली असते, कर्ज काढलेले असते आणि हाती पदवी नसते, म्हणून हा तक्ता मी निकालाच्याही आधी वाचते.

त्यानंतर रोटेशन. फॅमिली मेडिसिन, इंटर्नल मेडिसिन, शस्त्रक्रिया, बालरोग, स्त्री-आरोग्य, आपत्कालीन विभाग आणि मानसिक आरोग्य हे अनुभव सगळीकडेच आवश्यक आहेत. प्रश्न आहे ते कुठे आणि कोणाच्या हाताखाली मिळतात हा. ठिकाणे प्रोग्रॅम ठरवून देतो का? बालरोग आणि स्त्री-आरोग्य या दोन विषयांसाठी प्रिसेप्टर मिळणे अनेक ठिकाणी अवघड जाते, म्हणून त्या दोन्हींचे नाव घेऊन विचारा. दूरच्या ठिकाणी राहण्याचा खर्च कोण करतो? आणि सध्या दुसऱ्या वर्षात असलेल्या दोन विद्यार्थ्यांशी, प्राध्यापक समोर नसताना बोलता येईल का? कार्यालयाने या शेवटच्या प्रश्नाला आढेवेढे घेतले, तर मी तेही उत्तरच समजते.

पैशांबाबत फीचा आकडा अपुरा आहे. हे शिक्षण साधारण २७ महिन्यांचे असते आणि त्या काळात नोकरी करणे जवळजवळ अशक्य असते, त्यामुळे चार तासांवरच्या गावातले भाडे, गाडी आणि विमा हे सगळे फीमध्ये मिळवूनच तुलना करा. शिवाय जुलै २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे केंद्रीय कर्ज बंद केले आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याला केंद्रीय कर्जाची मर्यादा वर्षाला २०,५०० डॉलर आणि एकूण १ लाख डॉलर अशी ठरली आहे. कायद्याच्या दृष्टीने 'व्यावसायिक' ठरणाऱ्या पदव्यांसाठी ती वर्षाला ५०,००० आणि एकूण २ लाख डॉलर आहे. मुलीची पदवी कोणत्या मर्यादेत धरली जाते, हे दोन्ही ठिकाणच्या आर्थिक साहाय्य कार्यालयाकडून लेखी घ्या, कारण उरलेली रक्कम खासगी कर्जातून उभी करायची झाली तर व्याज आणि जामीनदार हे दोन्ही प्रश्न तुमच्या दारात येतात.

माझा कल विचाराल, तर नव्या प्रोग्रॅमने रोटेशनच्या प्रश्नांना रुग्णालयांची नावे घेऊन उत्तरे दिली आणि एखादा वर्ग तरी तिथून बाहेर पडला असेल, तर मी घराजवळचा निवडेन. 'करार लवकरच होतील' असे उत्तर आले, तर चार तास गाडी चालवेन. डिपॉझिट बहुधा परत मिळत नाही. तरी एका आठवड्याची मुदतवाढ सभ्यपणे मागायला हरकत नाही, आणि नको असलेली जागा लगेच सोडावी, कारण वेटलिस्टवर कोणीतरी त्या फोनची वाट पाहत असते.

प्रश्न : मी भारतातून एमबीबीएस केले आहे. पुन्हा दोन-अडीच वर्षे शिकण्याऐवजी पीएची परीक्षा थेट देता येईल का?
— एक वाचक, टेक्सास

उत्तर : नाही. पॅन्सला बसण्यासाठी एआरसी-पीएची मान्यता असलेल्या प्रोग्रॅमची पदवी लागते आणि परदेशी वैद्यकीय पदवीला त्यात सूट नाही. अर्ज करायचे ठरवलेत, तर प्रत्येक प्रोग्रॅमला आधी एवढे विचारा, की परदेशात शिकलेले विषय ते पूर्वअट म्हणून धरतात का. बरेच प्रोग्रॅम धरत नाहीत आणि रसायनशास्त्र किंवा शरीररचनाशास्त्र इथल्या कॉलेजात पुन्हा करावे लागते, मग तुम्ही शवविच्छेदनाच्या टेबलाशी वर्षभर उभे राहिलेले असलात तरी.