नर्सिंग स्टाफला हात धुण्याचं प्रशिक्षण दिलं. त्याचा उपयोग झाला का, हे कसं तपासायचं?

वॉर्डात जाऊन प्रत्यक्ष निरीक्षण करा, प्रशिक्षणानंतर भरून घेतलेल्या फीडबॅक फॉर्मवर विसंबू नका. अमेरिकी प्राध्यापक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या: प्रतिक्रिया, शिकणं, वर्तन, परिणाम. फॉर्म त्यातली फक्त पहिली मोजतो. जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्याचे पाच क्षण, म्हणजे हात केव्हा स्वच्छ करायलाच हवेत ते प्रसंग, ठरवून दिलेत. त्यांतले किती पाळले जातात ते प्रशिक्षणाआधी आणि नंतरही मोजा, नाहीतर तुलना कशाशी करणार? रुग्णाला नव्हे, नुसत्या पलंगाच्या कठड्याला किंवा सलाइनच्या स्टँडला हात लागल्यानंतरचा क्षण मुद्दाम बघा, तो सहज सुटतो. मात्र कुणी बघतंय म्हटलं की माणसं जास्त काळजी घेतात, त्यामुळे हा आकडा फुगलेला असू शकतो. सॅनिटायझरचा महिन्याचा खपही सोबत ताडून पाहा.