नीटमधला वाढीव तास आणि दाखल्याची धास्ती

प्रश्न : माझी मुलगी बारावी विज्ञान शाखेत असून वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेची तयारी करते आहे. सातवीत असताना मुंबईच्या सायन रुग्णालयात तपासणी होऊन तिला डिसग्राफिया, म्हणजे लेखन-अक्षमता असल्याचे निदान झाले. त्या दाखल्यावर दहावीला जादा वेळ मिळाला होता. तिच्या क्लासचे सर म्हणतात, की नीटमध्ये लिहायचे काही नसते, नुसते गोल काळे करायचे असतात, मग सवलत कशाला? तिचे वडील म्हणतात, की अर्जात दिव्यांग असे भरले तर पुढे डॉक्टरकीलाच अपात्र ठरवतील. आम्ही काय करावे?
— एक आई, संगमनेर

उत्तर : सरांचे म्हणणे खरे की खोटे, हे आपल्याला घरीच पाहता येईल. ओएमआर, म्हणजे गोल काळे करायच्या उत्तरपत्रिकेची एक नक्कल छापून घ्या, तिच्या हातात काळे बॉलपेन द्या आणि एकही प्रश्न न सोडवता केवळ १८० गोल भरायला सांगून घड्याळ लावा. गोलाच्या रेषेबाहेर जाऊ नये म्हणून ती पेन किती घट्ट धरते, दर दहा-पंधरा गोलांनंतर बोटे झटकते का, तेही पाहा. नीटमध्ये भौतिकशास्त्र ४५, रसायनशास्त्र ४५ आणि जीवशास्त्र ९० असे १८० प्रश्न आणि तेवढीच मिनिटे असतात, त्यामुळे एका गोलामागे दहा सेकंद अधिक लागली तरी अर्धा तास निव्वळ हाताच्या अडचणीत जातो. शिवाय कच्च्या आकडेमोडीत अंकांची अदलाबदल होते ती निराळीच.

या परीक्षेत पात्र दिव्यांग उमेदवारास दर तासाला वीस मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास वाढवून मिळतो आणि लेखनिक, म्हणजे उत्तरे लिहून देणारा मदतनीस, घेतला नाही तरी हा वेळ मिळतो. हा नियम असूनही २०२१ च्या नीटमध्ये डिसग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीची उत्तरपत्रिका इतरांबरोबरच काढून घेण्यात आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. ए. एस. बोपण्णा यांच्या खंडपीठाने त्या नोव्हेंबरमध्ये तिच्यावर अन्याय झाल्याचे मान्य केले आणि परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय चाचणी संस्थेला त्याचे निवारण कसे करता येईल याचा विचार करण्यास सांगितले. मात्र तिच्यासाठी परीक्षा पुन्हा घेण्याचा आदेश दिला नाही. निकाल बाजूने लागूनही हातचा गेलेला तास परत आला नाही, म्हणून मी पालकांना नेहमी सांगतो, की भांडायचे ते परीक्षेच्या आधी.

त्यासाठी पहिली गोष्ट दाखल्याची. बोर्डाच्या सवलतीसाठी घेतलेला सातवीतला कागद येथे पुरेसा नाही. नव्याने तपासणी करून घ्या, यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करा आणि नीटच्या माहितीपुस्तिकेच्या परिशिष्टात दाखल्याचा जो नमुना दिलेला असतो, त्याच नमुन्यात सक्षम शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्याची सही-शिक्क्यासह नोंद घ्या. तारखा जवळ आल्या की या कामाला महिने कमी पडतात, हे अनुभवाने सांगतो.

दाखल्यावर ४० टक्के किंवा अधिक अक्षमता लिहिली असेल तर वाट सरळ आहे. त्याहून कमी असली तरी दार बंद होत नाही. लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट घालता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये स्पष्ट केले आणि त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने ४० टक्क्यांहून कमी अक्षमता असून लिहिण्यात अडचण असलेल्या उमेदवारांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांच्यासाठी दाखल्याचा नमुना वेगळा असतो, एवढे ध्यानात ठेवा.

आता वडिलांची धास्ती. ती अगदीच निराधार नव्हती, परंतु येथे दोन गोष्टींची गल्लत होते आहे. परीक्षेतला वाढीव वेळ ही एक बाब आणि प्रवेशातले पाच टक्के आरक्षण ही दुसरी. आरक्षण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के व अधिक अक्षमता असलेल्यांनाच मिळते आणि त्यासाठी नेमून दिलेल्या केंद्रात, उदाहरणार्थ मुंबईत जे. जे. रुग्णालयात, स्वतंत्र तपासणी होते. तेथेही केवळ अक्षमतेची टक्केवारी जास्त आहे यावर बोट ठेवून अपात्र ठरवता येत नाही. वाचा-भाषेची अक्षमता असलेल्या महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की तो विद्यार्थी वैद्यकीय शिक्षण प्रत्यक्ष घेऊ शकतो का, हे अक्षमता तपासणाऱ्या वैद्यकीय मंडळाने पाहिले पाहिजे. अक्षमता लपवून मुलीला एक तास गमवायला लावणे हा मला तरी सर्वांत महागडा उपाय वाटतो.

अर्जात दिव्यांगत्वाचा आणि लेखनिक हवा-नको याचा रकाना काळजीपूर्वक भरा. प्रवेशपत्र हाती येताच त्यावर ती नोंद उतरली आहे का ते पाहा आणि नसेल तर त्याच दिवशी चाचणी संस्थेला ईमेलने कळवा. परीक्षेच्या दिवशी दाखल्याची मूळ प्रत आणि माहितीपुस्तिकेतील वाढीव वेळेचे पान मुलीच्या हाती द्या. आत गेल्यावर, पेपर सुरू होण्यापूर्वीच, तिने ते पर्यवेक्षकांना दाखवून आपला पेपर पाचला नव्हे तर सहाला संपणार असल्याचे सांगावे; ते ऐकत नसतील तर केंद्राधीक्षकांना बोलावण्याचा आग्रह धरावा. हे वाक्य तिच्याकडून घरी दोन-चारदा मोठ्याने म्हणवून घ्या, कारण अशी मुले वर्गात अनेकदा गप्प राहायला शिकलेली असतात.