नऊ अ‍ॅप आणि एक गडवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : इतवारीत वडिलोपार्जित भांड्यांचं दुकान, कामाला तीन माणसं आणि मोबाइल-कॉम्प्युटर मिळून नऊ अ‍ॅप. बिलाचं, उधारीचं, साठ्याचं, हजेरीचं, पैसे घ्यायची तीन, ऑर्डरींसाठी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस आणि सीएंनी सांगितलं म्हणून टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर. यातलं काय काढू, की सगळं करणारं एकच सॉफ्टवेअर घेऊ?

मी नागपुरातल्या सात-आठ दुकानांचे हिशेब लिहितो. त्यातलं एक भांड्यांचंच आहे, म्हणून बोलायची हिंमत करतो.

नऊ हा आकडा फार मनावर घेऊ नका भाऊ. तुमच्या आजोबांच्या गादीवरही कच्ची वही, रोजमेळ (रोजच्या जमाखर्चाची वही), खतावणी (खातेवार नोंदींची वही), उधारीची वही, मालाची वही अशा चार-पाच वह्या असतीलच. पण संध्याकाळी मुनीमजी बसून रोजमेळातली रक्कम खतावणीत नेत, आणि आकडा जुळल्याशिवाय गादीवरून उठत नसत. आता वह्या नऊ झाल्या अन् मुनीमजी गेले. एका अ‍ॅपातलं दुसऱ्यात कोण नेतं? कधी तुम्ही, कधी पुतण्या, आणि लग्नसराईत कोणीच नाही.

म्हणून कोणतं अ‍ॅप चांगलं, कोणतं वाईट ही चर्चा जरा बाजूला ठेवा. सुट्टीच्या दिवशी एक कोरा कागद घ्या आणि त्यावर एकाच विक्रीचा प्रवास लिहा. समजा उमरेडच्या दुकानदाराने व्हॉट्सअ‍ॅपवर दोन डझन गडवे मागितले. ती ऑर्डर कोणी वाचली, बिल कशात केलं, साठ्यातून कुठे वजा केलं, उधारी कुठे टाकली, पैसे कोणत्या क्यूआरवर आले, टॅलीत कधी चढलं. हाताने आकडा टाइप करावा लागला त्या प्रत्येक जागी लाल टिंब द्या. मी हे केलं तेव्हा एका बिलावर पाच टिंबं निघाली. शिवाय मालाचं नाव एका ठिकाणी 'गडवा', दुसऱ्या ठिकाणी 'लोटा', तिसऱ्या ठिकाणी 'तांब्या'. साठ्याचा आकडा जुळणार तरी कसा?

त्या टिंबांची किंमत कळली ती २०२५ च्या सप्टेंबरात. २२ तारखेपासून, म्हणजे नेमक्या घटस्थापनेपासून, भांड्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. त्या भांड्यांच्या दुकानात आम्ही काउंटरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये आदल्या रात्री बसून दर बदलला आणि स्वतःवर खूश होऊन घरी गेलो. मालकाचा मुलगा बाहेरगावच्या दुकानांना माल पोचवताना मोबाइलवरच्या वेगळ्या अ‍ॅपातून बिलं फाडतो, हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही, आणि ते माझं कामच होतं. आठवडाभर तिकडे १२ टक्क्यांनीच बिलं निघत राहिली. कर म्हणून गिऱ्हाइकाकडून घेतलेला पैसा खिशात ठेवता येत नाही, सरकारला भरावाच लागतो. मग एकेका दुकानदाराला फोन, क्रेडिट नोट (आधीच्या बिलाची रक्कम कमी केल्याची चिठ्ठी), पुन्हा नवीन बिल. ऐन दसऱ्याच्या गर्दीत हे करावं लागलं. दोन व्यापाऱ्यांनी तर 'आमच्याकडून जास्तीचे घेत होते काय जी?' असं तोंडावर विचारलं. दर बदलायची एकच जागा असती तर हा तमाशा झाला नसता.

तेव्हापासून माझा एकच हट्ट असतो. मालाचं नाव, त्याचा दर, गिऱ्हाइकाची बाकी, रोकड, या प्रत्येक गोष्टीची पक्की जागा एकच ठरवायची. बाकी जिथे कुठे तोच आकडा दिसेल तो कच्चा. दोन आकड्यांत फरक पडला तर कोणता खरा हे आधीच ठरलेलं असलं पाहिजे, भांडणाच्या वेळी नाही.

तुमच्या बाबतीत पक्की जागा टॅलीच राहू द्या. तिच्यावर माझं फार प्रेम आहे असं नाही. तुमचे सीए ती उघडू शकतात आणि रिटर्न तिथून निघतं, एवढंच. जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं रिटर्न, महिन्याचं असेल तर ११ तारीख, तिमाहीचं असेल तर १३. त्या दिवशी जो आकडा सरकारकडे जातो तोच शेवटी तुमचा खरा आकडा. मग बिलही तिथेच करा. काउंटरवरच्या माणसाला टॅली जमत नाही असं तुम्ही म्हणाल. बिल, विक्री परत आणि पावती एवढे तीनच पडदे शिकवा, चार दिवसांत येतं. आमच्याकडे बारावी नापास पोरगा माझ्यापेक्षा भरभर बिल करतो. साठाही बिलाबरोबर आपोआप वजा होतो, म्हणजे साठ्याचं वेगळं अ‍ॅप सुटलं.

उधारीचं अ‍ॅप काढताना मात्र घाई नको. गिऱ्हाइकांकडच्या बाकीचे आकडे त्या अ‍ॅपात आणि टॅलीत वेगळे निघणार हे धरून चाला. आमच्याकडे भंडाऱ्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने पैसे क्यूआरवर दिले होते, टॅलीत जमा झाले, उधारीच्या अ‍ॅपात राहिले. अ‍ॅपाने आपलं काम चोख केलं. पोरीच्या लग्नाच्या दिवशी त्याला तगाद्याचा मेसेज गेला. मालक स्वतः जाऊन आला, तेव्हा कुठे संबंध टिकला. त्यामुळे आधी आपोआप जाणारे मेसेज बंद करा, मग मोठ्या दहा-पंधरा गिऱ्हाइकांना फोन करून बाकी तोंडी पक्की करा, आणि मगच आकडे टॅलीत चढवा.

पैसे घ्यायच्या तीन अ‍ॅपांचं कारण बहुधा हेच असेल की तीन कंपन्यांची पोरं येऊन काउंटरवर फुकट क्यूआर चिकटवून गेली आणि एकाने आवाज करणारा डबाही दिला. त्या डब्याचं भाडं दर महिन्याला कापलं जातं का, बघा जरा. एक क्यूआर, एक चालू खातं, बाकीचे स्टिकर खरवडून टाका. बँकेचं स्टेटमेंट जुळवायला मला आधी अर्धा दिवस लागायचा, आता चहा संपेपर्यंत होतं.

हजेरीच्या अ‍ॅपाबद्दल काय बोलू. तीन माणसं आहेत ना भाऊ? मान वर करून बघा, दिसतात.

आता किचकट भाग. अ‍ॅप मोबाइलवरून उडवलं म्हणजे ते बंद झालं असं नसतं. ऑटोपे, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी, चालूच राहतो. ज्या यूपीआय अ‍ॅपातून परवानगी दिली त्यात ऑटोपेचा विभाग असतो, तिथे जाऊन ती रद्द करावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना यायला हवी, आणि ती येतेही, पण दिवसभराच्या शंभर मेसेजांत कोण वाचतं? साधारण १५,००० रुपयांपर्यंतच्या वर्गणीला पहिल्यांदा परवानगी दिली की पुढे दरवेळी ओटीपीही मागत नाहीत. गेल्या बारा महिन्यांचं स्टेटमेंट काढून अशा वर्गण्यांवर पेनाने खूण करा. नऊची अकरा निघाली तर नवल नाही.

बंद करण्याआधी प्रत्येकातली सगळी बिलं आणि गिऱ्हाइकांची यादी एक्सेल आणि पीडीएफमध्ये उतरवून घ्या, दोन ठिकाणी ठेवा. जीएसटीत वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने हिशेब जपावा लागतो. अ‍ॅप बंद केलं होतं ही सबब तिथे चालत नाही. आणि हे उतरवायला बसाल तेव्हा खरी गंमत कळेल, की अ‍ॅप कोणाच्या मोबाइल नंबरवर आहे! एका दुकानात साठ्याचं अ‍ॅप काम सोडून गेलेल्या पोराच्या नंबरवर निघालं. ओटीपी त्याला जाणार. तो भला माणूस होता, त्याने सांगितला. दुकानाच्या नावाचं एक वेगळं सिम आणि एक वेगळा ईमेल करा, पासवर्ड डायरीत लिहा, डायरी तिजोरीत. हे काम या आठवड्यातच करा, बाकीचं मागे राहिलं तरी चालेल.

हिशेबाची अदलाबदल मात्र धनत्रयोदशीच्या आधी करू नका, अक्षय्य तृतीयेच्या तोंडावरही नको. मार्चअखेर मालाची मोजणी करताच ना, तेव्हाच मालाची नावं एकसारखी करा आणि १ एप्रिलला नव्या बाकीने सुरुवात करा. तोवर जुनं आणि नवं दोन्ही चालवायचा मोह होईल. पंधरा दिवसांच्या वर चालवू नका, नाहीतर नऊची दहा होतील.

सगळं करणारं एकच सॉफ्टवेअर घ्यायचंच असेल तर माझी ना नाही, पण डेमोला येणारा माणूस साबण आणि बिस्किटाचं बिल करून दाखवेल. त्याला तुमच्या धंद्याचं बिल करायला लावा. स्टीलचा गंज (पातेलं) वजनावर, कुकर नगावर, मिक्सरला जीएसटी १८ टक्के, आणि गिऱ्हाइकाने तीन किलो पितळेची मोड, म्हणजे जुनी भांडी, आणली आहे, तिचा भाव वजा करून राहिलेले पैसे अर्धे रोख, अर्धे क्यूआरवर. एकाच बिलात. हे त्याने तुमच्या समोर, ऑफिसला फोन न लावता करून दाखवलं तर किंमत विचारा. नाहीतर चहा पाजा आणि पाठवा.