मीटरपाशी एनआरव्ही बसवला की नळाला येणारं घाण पाणी थांबेल का?

तुम्ही विचारलंय: ४० फ्लॅटची सोसायटी, रोज दोन तास पाणी, पाणी सुटलं की पहिली दहा मिनिटं पिवळसर आणि गटाराच्या वासाचं येतं. प्लंबर म्हणतो, मीटरपाशी एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने सोडणारी झडप) टाका, काम झालं.

एवढ्याने काम होणार नाही. एनआरव्ही तुमच्याकडचं पाणी रस्त्याच्या लाईनमध्ये परत जाऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. तुमच्याकडे येणारी घाण त्याच्या आधीच पाईपात शिरलेली असते. ती शिरते कधी? पाणी गेल्यावर. चावीवाल्याने व्हॉल्व्ह बंद केला की लाईनमधलं पाणी सखल भागाकडे उतरतं आणि मागे वरच्या पाईपात पोकळी होते. ती पोकळी जिथून मिळेल तिथून ओढून घेते: गटारातून गेलेल्या जुन्या जी.आय. (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाईपाचा गंजलेला सांधा, बादलीत बुडवून ठेवलेली नळी, आणि दाब कमी म्हणून जमिनीखाली खड्डा करून बसवलेला नळ. हे खड्ड्यातले नळ मला सगळ्यांत घातक वाटतात, कारण पावसाळ्यात खड्डा गटाराच्या पाण्याने भरतो आणि तोटी त्यातच बुडालेली असते. त्यात कुणी थेट लाईनला टिल्लू पंप लावला, तर पाणी चालू असतानाही ओढ तयार होते आणि सगळी गल्ली ते पाणी पिते.

म्हणून आधी शेजारच्या इमारतींत विचारा. सगळीकडे घाण येत असेल, तर दोष मुख्य लाईनमध्ये किंवा गल्लीतल्या एखाद्या जोडणीत आहे. तशी लेखी तक्रार द्या. फक्त तुमच्याकडे येत असेल, तर फेरूलपासून (मुख्य लाईनला तुमचा पाईप जोडलेला असतो ती जागा) मीटरपर्यंतचा तुमचा पाईप संशयित. तो उघडून बघा. गटार ओलांडताना सांधा नको. तेवढ्या भागात अखंड एचडीपीई (जाड प्लास्टिकचा) पाईप टाका आणि तो मोठ्या व्यासाच्या दुसऱ्या पाईपातून न्या. आणखी एक खूण सांगतो. पाणी गेल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी, थेट लाईनवर असलेल्या तळमजल्याच्या नळाला छोटी पारदर्शक नळी लावा, टोक पिण्याच्या पाण्याच्या पेल्यात बुडवा आणि नळ उघडा. पेल्यातलं पाणी वर चढलं तर लाईन ओढतेय.

आता तुमच्या फाटकाच्या आत. जमिनीखालच्या टाकीचं झाकण उघडून बॉल कॉक (टाकी भरली की तरंगत्या गोळ्याने बंद होणारा नळ) बघा. पाणी पडण्याचा आवाज येतो म्हणून पुष्कळ ठिकाणी त्याला पाईपाचा तुकडा जोडून तो तळापर्यंत नेलेला असतो. तोंड पाण्यात बुडालेलं असलं की पाणी गेल्यावर टाकीतलं पाणी रस्त्याच्या लाईनमध्ये ओढलं जातं. तो तुकडा कापून टाका. येणाऱ्या पाईपाचं तोंड आणि पाणी जास्तीत जास्त चढू शकेल ती पातळी, यांत पाईपाच्या व्यासाच्या दुप्पट मोकळी हवा हवी, आणि कितीही बारीक पाईप असला तरी २५ मिमीपेक्षा कमी नको. म्हणजे २० मिमीच्या पाईपाला ४० मिमी, २५ मिमीच्या पाईपाला ५० मिमी. तोंड भिंतीला लागून असेल तर तिप्पट ठेवा. ओव्हरफ्लोचा पाईप येणाऱ्या पाईपाहून मोठाच हवा, नाहीतर बॉल कॉक अडकला की पातळी चढून ते अंतर बुडतं. ओव्हरफ्लोचं टोक ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडू नका. उघड्यावर, जाळी लावून सोडा.

माझा भरवसा या हवेवर आहे. एनआरव्हीच्या झडपेखाली वाळूचा खडा अडकला की ती उघडीच राहते आणि बाहेरून काही कळत नाही. हवेच्या अंतरात अडकण्यासारखं काही नसतं. एनआरव्ही जरूर लावा, पण जोडीचा बंदोबस्त म्हणून, आणि वर्षातून एकदा खोलून साफ करा.

बोअर आहे का? बोअरचा आणि पालिकेचा पाईप एका टीवर (तीन तोंडांच्या सांध्यावर) जोडून मध्ये नुसता व्हॉल्व्ह ठेवलेला असेल, तर तो आजच तोडा. बोअरच्या पंपाचा दाब पालिकेच्या लाईनपेक्षा सहज जास्त असतो, त्यामुळे व्हॉल्व्ह जरा गळला तरी बोअरचं पाणी रस्त्याच्या लाईनमध्ये ढकललं जातं. खरं तर टाक्याच वेगळ्या हव्यात. तेवढी जागा नसेल तर निदान दोन्ही पाईप टाकीत वेगवेगळे, वरून मोकळे पडू द्या.

१९३३ साली शिकागोत जागतिक प्रदर्शनाच्या वेळी हॉटेलांच्या प्लंबिंगमधल्या अशाच चुकीच्या जोडण्यांमुळे अमीबाचा आमांश पसरला आणि ९८ माणसं गेली.

परदेशात मोठ्या जोडण्यांवर आरपीझेड नावाचं उपकरण लावतात: दोन झडपा आणि मधे पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह. इस्पितळं, प्रयोगशाळा, रसायनांचे कारखाने यांना ते योग्य. पण त्यात सात-आठ मीटर उंच पाण्याएवढा दाब खर्च होतो. आपल्याकडे कित्येक गल्ल्यांत तेवढा दाब मुळातच नसतो, म्हणून सोसायटीला हवेचं अंतर ठेवलेली टाकीच बरी.

दुरुस्ती झाली की टाकी घासून धुवा आणि क्लोरीन द्या. १०,००० लिटरला ३३ टक्के क्लोरीनची दीड किलो ताजी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर म्हणजे लिटरला साधारण ५० मिलिग्रॅम क्लोरीन. रात्रभर ठेवा आणि सकाळी सगळं पाणी सोडून द्या. ते पिऊ नका. पुढे बॉल कॉकच्या आधी एक फाटा काढून पहिली दहा मिनिटं टाकीत न घेता बाहेर सोडा. त्यानंतरच्या पाण्याची ओटी टेस्ट करा (थेंब टाकले की क्लोरीन असलेलं पाणी पिवळं होतं): लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन दिसायला हवं. सलग काही दिवस रंगच येत नसेल, तर पाणी उकळून प्या आणि नमुना तपासायला द्या.